फणस युनिटातली गाद्यांची वरात

बेळगाव-निपाणीत आज जेवढे नावाजलेले डॉक्टर, वकील, इंजिनेर हायत, त्यातले निम्मे माज्या हाताखालनं गेल्यात. म्हंजे ते खाटेवरनं उठून गेले की खालचा केर मी काढायचो.

आदीच सांगतो, मी शाळेत एकदाच गेलतो, ते बी कौलं शाकारायला. हे जे तुमी वाचताय ते माजी ल्येक लिव्हून घेतीया. मी बोलतो, ती फोनवर टकटक करती आणि मदीच थांबून म्हणती, "आप्पा, हे खोटं हाय." तवा यात जे काय खरं उरलंय ते तिच्यामुळं.

माजं काम जांबोटीच्या वरच्या अंगाला, रानातल्या एका शिबिरात. उन्हाळ्याची सुट्टी लागली की पोरं येत्यात. निपाणीची येत्यात, खानापूरकडच्या शेतकऱ्यांची येत्यात, वडगावच्या यंत्रमागवाल्यांची येत्यात, आणि आता बेळगावातल्या बँकवाल्या-हापिसवाल्यांची बी येत्यात. खडेबाजारातनं नवी बॅटरी, नवी पत्र्याची ट्रंक, नवं चप्पल घेऊन येत्यात. जाताना दुसऱ्याचं चप्पल घालून जात्यात.

शिबिरात तीन युनिटं. करवंद, जांभूळ आणि फणस. युनिट म्हंजे चार केबिनींचा एक घोळका. आता केबिन म्हटलं की तुमच्या डोळ्याफुडं काचेचं दार, आत सायब आणि टेबलावर घंटी येत आसंल. आमची केबिन म्हंजे जांभ्या चिऱ्याची खोली. वर मंगळुरी कौलं, खाली शहाबादी फरशी, भिंतीला लागून लोखंडी खाटा, त्येंच्यावर कापसाच्या गाद्या, आणि तवा कोपऱ्यात पाण्याचा रांजण बी हुता. अशा चार खोल्या एका दांडग्या फणसाच्या झाडाभोवती. तेच फणस युनिट, सगळ्यात जुनं. त्येचा मी केबिनवाला. माजी बायको गंगाक्का शिबिराची सैपाकीण. तिला सगळे आक्का म्हणत्यात आणि घाबरत्यात. मला, म्हंजे मारुतीला, अण्णा म्हणत्यात आणि हासत्यात.

केबिनवाल्याचं काम ऐकायला सोपं हाय. सकाळी खाटंखाली वाकून विंचू बघायचा. वानरांनी हालवल्याली कौलं परत बसवायची. ट्रंकंची किल्ली हरवली की कुलूप तोडायचं, आणि तोडल्यावर किल्ली खिशातच गावली की पोराच्या आईला काय सांगायचं ते ठरवायचं. आणि सगळ्यात अवघड म्हंजे पयल्या दिवशी घरच्या आठवणीनं रडणारं पोर. अशा पोराला कधी बी 'रडू नको' म्हणायचं न्हाय. त्येला काम द्यायचं. मी त्येच्या हातात माजा खराटा द्यायचो. पोरगं झाडता झाडता गप व्हायचं, आणि माजं अंगण बी झाडून निघायचं. गंगाक्का म्हणायची, "तुमीच त्येंना घरची आठवण काढून देताय. मी बघतीया न्हवं, अंगण जास्त घाण आसलं की पोरं जास्त रडत्यात."

गिऱ्हाईकं बी एकेक. वडगावचं एक पोरगं आलतं, घरातच यंत्रमाग. जन्मापासनं त्या खडखडीत झोपल्यालं. हितं दुपारची विश्रांती सुरू झाली, सगळं रान शांत, आणि ह्ये पोरगं डोळे टक्क उघडे ठेवून बसल्यालं. "अण्णा, लई शांत हाय हो, भ्या वाटतंय," म्हणालं. मी डोकं चालवलं. रिकामा तेलाचा डबा आणला आणि दारात बसून काठीनं खडाखडा वाजवाय लागलो. पोरगं पाच मिंटात घोराय लागलं. बाकीची सगळी जागी झाली. शेजारच्या युनिटातले पोरं सांभाळणारे दादा-ताई पळत आले, त्येंना वाटलं आग लागलीया. डबा थांबवला की पोरगं जागं, वाजवला की बाकीची जागी. शेवटी गंगाक्कानं त्येला सैपाकघरात नेऊन पिठाच्या चक्कीशेजारी झोपवलं. हे मला का सुचलं न्हाय, असं सगळ्यांनी मला ईचारलं. मी बी मलाच ईचारलं.

आता मेन गोष्ट. फणस युनिटाला परंपरा लई. परंपरा म्हंजे काय, तर मी केल्याली चूक जी कुणी दुरुस्त केली न्हाय.

पयली परंपरा नंबराची. केबिनी नव्या हुत्या तवा त्येंच्यावर नंबर टाकायचं काम माज्याकडं आलं. मला अक्षरं येत न्हाईत, खरं, म्हंजे आमच्या भाषेत 'पण', आकडे येत्यात, कारण बस वळखाय लागती. निळ्या रंगाचा डबा आणला. सकाळच्यापारी एक काढला, दोन काढला, आणि जेवाय गेलो. गंगाक्कानं कुयरीची, म्हंजे कवळ्या फणसाची भाजी केलती. ती जरा जास्त झाली आणि मी झाडाखाली आडवा झालो. झोपलो ह्या बाजूला, उठलो झाडाच्या त्या बाजूनं. समोर जी केबिन दिसली तिच्यावर तीन काढला, आणि उरली तिच्यावर चार. लांब जाऊन बघतोय तर ओळीनं एक, दोन, चार, तीन. रंग संपल्याला. तवाचे शिबिराचे मास्तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे, फुडल्या वर्षी बघू."

फुडल्या वर्षीपतूर पोरांनी त्येची रीत करून टाकली. आजबी फणसातली पोरं हजेरी देताना एक, दोन, चार, तीन अशीच देत्यात. दोरीखेचीला आमची पोरं "एक, दोन, चार" म्हणत्यात आणि "तीन"ला वढत्यात. समोरचे करवंदवाले दोनानंतर चार ऐकून आपलं काय चुकलं ह्येचा इचार करत उभे ऱ्हात्यात, आणि तोंडावर पडत्यात. पालक भेटाय येत्यात तवा तर मज्जाच. निपाणीच्या एका बापानं मोजत मोजत भलत्याच केबिनीत शिरून, दारात पाठमोरं उभं असल्यालं भलतंच पोर पोटाशी धरलं आणि कुंद्याच्या मिठाईचा डबा त्येच्या हातात दिला. पोरगं शाणं. डबा संपेपतूर त्येनं तोंड वर केलं न्हाय.

दुसरी परंपरा टोपीची. फणस युनिटात पाय टाकताना डोक्यावरचं काढायचं. आमच्या कौलावर एक थोराड वानर बसायचं, पोरं त्येला चेरमन म्हणायची. एक दिवस चेरमननं माजी टोपी उचलली. मी खाली काठी घेऊन, तो वर टोपी घालून. पोरांचं म्हणणं, माज्यापेक्षा त्येलाच बरी दिसत हुती. तवापासनं कोण आलं की मी वरडायचो, "टोप्या काढा रं." चेरमन गेला, त्येची नातवंडं बी म्हातारी झाली, खरं टोपी काढायची रीत ऱ्हायली. एकदा एक मोठे पाव्हणे चांगला फेटा बांधून उद्घाटनाला आलते. पोरांनी त्येंना झाडाखाली अडवलं. बिचाऱ्यांनी एवढा बांधल्याला फेटा सोडला, आणि भाषणात म्हणाले, निसर्गापुढं नम्र व्हायची ही प्रथा मला फार भावली. मी मागं उभा ऱ्हाऊन, प्रथा मीच सुरू केल्यागत मान हालवत हुतो.

तिसरी परंपरा म्हंजे गाद्यांची वरात. शिबिराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, उप्पीट खायच्या आदी, फणसातलं एकूण एक पोरगं आपली गादी डोक्यावर घेऊन भाईर पडतं. एक ताट वाजवतो, एक बादली वाजवतो. झाडाला फेरा, हौदाला फेरा, मग मैदानातल्या दगडांवर गाद्या उन्हात टाकायच्या आणि काठीनं बडवायच्या. कापूस उडतो, धूळ उडती, पोरं शिंकत्यात. बाकीच्या युनिटातली पोरं कुंपणाला नाकं लावून बघत्यात आणि फुडल्या वर्षी आमाला फणस द्या म्हणून मागं लागत्यात.

ही कशी सुरू झाली ते मी कधी कुणाला सांगितलं न्हवतं. त्यात एक पोरगं हाय, त्येला मी हितं संजू म्हणतो. खरं नाव दुसरं. लिव्हायची परवानगी त्येनंच दिलीया. "लिव्हा अण्णा," म्हणाला, "फक्त माज्या बायकोला कळू देऊ नका." तिला आदीच कळलंय, तिनंच आक्काला फोन केलता, ते त्येला म्हाईत न्हाय.

संजू निपाणीचा. बाप तंबाखूच्या वखारीत पोती उचलायचा. पोरानं चार लोकांत ऱ्हावं, शिकावं म्हणून शाळेतल्या बाईंच्या मागं लागून त्येनं शिबिरातली जागा मिळवलती. पोराला सोडाय आला तवा मला "जय भीम" म्हणाला. पोराची पिशवी माज्याकडं दिली, खरं तिचा बंद काय हातातनं सोडंना.

"पयल्यांदाच घर सोडून ऱ्हातोय," म्हणाला. "आमचं पोर म्हणून कुणी काय बोलंल का हो?"

मी म्हटलं, "हितं सगळे मलाच बोलत्यात. दुसऱ्याला बोलाय वेळ कुठं गावतोय त्येंना."

बाप हासला आणि बंद सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं तोंड धुवाय हौदावर गेलती. मी खांद्यावर भरल्याली घागर घेऊन तीन नंबरात रांजण भराय शिरलो. बघतो तर संजू खाटंवरच. चादर गळ्यापतूर, तोंड भिंतीकडं.

"काय रं, उठायचं न्हाय?"

"पोटात दुखतंय."

मी बरं म्हणून वळलो आणि फुडं पाऊल टाकलं. फरशी वली हुती का माजी चप्पल झिजल्याली, ते अजून ठरलं न्हाय, खरं दोन्ही पाय वर गेले. घागर उडाली. पाणी संजूवर, शेजारच्या गादीवर, पलीकडच्या गादीवर, आणि घागर माज्या पोटावर. आवाज ऐकून सगळी पोरं पळत आली. मला उचलंल असं कोण न्हवतं, सगळी दाराला धरून हासाय लागली. संजू बी हासाय लागला, वला चिंब.

मी कण्हत कण्हत उठलो आणि गाद्या भाईर काढाय लागलो. संजूची गादी उचलली तवा वासावरनं कळलं, ही माज्या घागरीच्या आदीच भिजल्याली हुती. पोरानं माज्याकडं बघितलं. त्येचं हासू कुठल्या कुठं गेलं. तोंड असं झालं की आता ह्यो बाबा काय बोलणार आणि आपण कुठनं पळणार.

मला दुसरं काय सुचलं न्हाय. मी पोरांवर वरडलो, "आरं बघताय काय? माज्या घागरीनं गाद्यांचं वाटोळं झालं. सगळ्यांच्या काढा भाईर. कोरड्या आसल्या तरी काढा, चारी केबिनींच्या काढा. न्हायतर आक्का मला आज जेवाय घालायची न्हाय." पोरांना काय, शाळा नसली की त्येंना कसलं बी काम गोड लागतं. गाद्या डोक्यावर घेतल्या. एकानं ताट वाजवाय सुरू केलं. झाली वरात. त्या ढिगात कुठली गादी कुणाची आणि कशानं वली, ते देवाला बी सांगता आलं नसतं.

दुपारी संजू एकटाच माज्याकडं आला.

"अण्णा, कुणाला सांगणार न्हाय न्हवं?"

मी म्हटलं, "माजं पडल्यालं तू सांगू नको, तुजं मी सांगत न्हाय."

माजं पडल्यालं सगळ्या शिबिरानं बघितलं हुतं. खरं पोराला तो सौदा पटला. मग गडी जो खेळाय लागला, तो जाईपतूर थांबला न्हाय.

फुडल्या वर्षी बी दुसऱ्या दिवशी फणसात पाणी सांडलं. कसं सांडलं ते ईचारू नका. माज्या ध्यानात एक आलतं, दर वर्षी एखादं तरी पोर पयल्या दिवशी घाबरतंच. सगळ्याच गाद्या भाईर निघाल्या की त्येचं झाकून जातं. तिसऱ्या वर्षी मी घागर घेऊन दारात पोचायच्या आदीच पोरं आपणहून गाद्या काढाय लागलीती. मी मनात म्हटलं, वा, परंपरा पडली. पोरं का काढाय लागली ते मी ईचारलं न्हाय. आपलं चांगलं झाल्यावर जास्त ईचारू नये.

हे सगळं लई जुनं. आता ह्या मागच्या उन्हाळ्याचं सांगतो.

शिबिराला नव्या मॅडम आल्यात, विद्या मॅडम. बाई चांगली. तिनं रांजण काढून फिल्टर बसवला तवा मी तोंड वाकडं केलतं, खरं त्या उन्हाळ्यात एका पोराचं पोट बिघडलं न्हाय, तवा तोंड परत सरळ केलं. मॅडमनी मला बोलवून घेतलं. खुर्ची दिली. खुर्ची दिली की मला भ्या वाटतं.

"अण्णा, फणस युनिट पाडायचं चाललंय," म्हणाल्या. "केबिनी जुन्या झाल्यात. तिथं तंबू येणार, चेनचे. रविवारी अध्यक्ष आणि इंजिनिअर बघायला येणार आहेत. बघून लगेच ठरवणार."

"आणि झाड?"

"झाड ठेवणार."

"आणि झाडाखाली?"

"गाड्या लावायची जागा."

मी म्हटलं, बरोबर हाय, चेरमनच्या नातवंडांना आता टोप्यांऐवजी गाड्यांचे आरसे मिळतील. म्हटलं आणि भाईर येऊन खराटा हातात घेतला. तंबूला केबिनवाला कशाला लागतोय. चेन वर केली की दिवस उगवला, खाली केली की मावळला.

गंगाक्काला सांगितलं. ती शेंगदाणे कुटत हुती. म्हणाली, "पाडू देत. तुमच्या आदी ते पडतंय, तेवढंच बरं." आणि कुटतच ऱ्हायली. खरं दुसऱ्या दिवशी उप्पीट खाली लागलं. तिच्या हातचं उप्पीट लागल्यालं मी कधी खाल्लं न्हवतं. गप खाल्लं, मागून घेऊन खाल्लं.

मॅडमना बी पाडायचं मनात न्हवतं. म्हणाल्या, "अध्यक्ष म्हणतात, भिंतींशिवाय त्या युनिटात ठेवण्यासारखं काय आहे ते दाखवा. तुम्ही इतिहास सांगा, परंपरा सांगा. पण थोडक्यात, आणि खरं तेवढंच." यातलं थोडक्यात मला जमत न्हाय, आणि खरं तेवढंच बी जमत न्हाय. "आणि हो," म्हणाल्या, "रविवारी शिबिराचा दुसरा दिवस येतोय. त्या गाद्यांचा गोंधळ या वेळी नको. आता गाद्यांना रबरी खोळ आहे, उन्हात घालायची गरजच नाही. अध्यक्षांच्या अंगावर धूळ उडाली तर आपलं काम झालंच."

मी व्हय म्हटलं. पोरांना सांगायचं ऱ्हाऊन गेलं. ल्येक हितं थांबून माज्याकडं बघालीया. बरं, ऱ्हाऊन गेलं न्हाय, मी सांगितलं न्हाय.

रविवारी गाडी आली. अध्यक्ष उतरले. बेळगावचे, पांढरा शर्ट, निम्मं कानडी निम्मं मराठी बोलणारे. त्येंच्यासंगं इंजिनेर, चष्मा, पोट जरा भाईर, डोक्यावर उन्हाची टोपी, हातात हातोडी. युनिटात पाय टाकताना इंजिनेरनं टोपी आपणहून काढली. मी म्हटलं, सज्जन माणूस दिसतोय, म्हंजे पक्का पाडणार.

मी इतिहास सुरू केला. चार दिवस हौदाफुडं उभा ऱ्हाऊन पाठ केलता.

"फार पूर्वी या ठिकाणी एक राजा शिकारीला आलता..."

"यार री?" अध्यक्ष म्हणाले. "कुठला राजा?"

"मोठा हुता सायब."

"नाव काय?"

"नाव कुणाला सांगायचा न्हाय. लपून शिकार करायचा."

अध्यक्षांनी चष्म्यावरनं बघितलं. "मारुती, ह्ये शिबिर आमच्या वडिलांनी काढलं. त्येच्या आदी हितं आमचाच काजूचा मळा हुता. राजा कुणाला ईचारून आलता?"

विद्या मॅडम झाडाकडं बघाय लागल्या. मी राजाला तितंच सोडला आणि नंबराचं सांगितलं, टोपीचं सांगितलं. अध्यक्ष हासले न्हाईत. इंजिनेर केबिनीमागनं केबिनीत जाऊन हातोडीनं ठोकत हुता. भाईर आला आणि म्हणाला, "चिरा पक्का हाय. वाशांना वाळवी लागलीया. छप्पर सगळं उतरवाय लागंल."

"उतरवायचंच हाय तर सगळंच उतरवू," अध्यक्ष म्हणाले आणि गाडीकडं वळले. 

तेवढ्यात ताट वाजलं. मग बादली वाजली. चारी दारांतनं गाद्या भाईर पडल्या, खाली नुसते पाय दिसत हुते. झाडाला फेरा घालून वरात अध्यक्षांच्या अंगावर आली. एक गादी त्येंच्या खांद्याला घासून गेली. पांढरा शर्ट तेवढ्या जागी पांढरा ऱ्हायला न्हाय. मॅडमनी डोळे मिटले.

"ह्ये काय?"

"गाद्या उन्हात घालतात सर," मॅडम हळू म्हणाल्या.

"रबरी खोळ घेतली न्हवं आपण?"

"घेतली."

"मग कशाला?"

मॅडमनी माज्याकडं बघितलं. मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात माजी नजर इंजिनेरवर गेली. तो एकेका केबिनीकडं हातोडी करून आपल्याशीच पुटपुटत हुता, "एक, दोन, चार, तीन." तीनला थांबला आणि माज्याकडं वळला. चष्मा, पोट, सगळं बाजूला झालं. चादर गळ्यापतूर वढल्यालं तेच पोरगं.

 खरं कारण सांगावं तर युनिट वाचंल. खरं अध्यक्षांनी ज्येला इंजिनेर म्हणून संगं आणलंय, त्येच्याच तोंडावर त्येच्या गादीची गोष्ट कशी सांगायची? सौदा झालता आमचा. तवा मी परत राजाला बोलवलं.

"सायब, त्या राजाचा गालिचा एकदा भिजला हुता, तवा त्येच्या सगळ्या सैन्यानं..."

"परत राजा?" अध्यक्ष म्हणाले.

"बास करा अण्णा," इंजिनेर म्हणाला. "राजा बिजा न्हवता. मी हुतो."

 त्येनं हातोडी झाडाच्या पारावर ठेवली.

"मी निपाणीहून आलतो सर, ह्या तीन नंबरात हुतो. पयल्याच रात्री गादी वली केली. सकाळी उठायचा धीर हुईना. आता सगळ्यांना कळणार, मला परत धाडणार, आणि बाबांना खाली मान घालून न्यायला यावं लागणार. तेवढं एकच डोक्यात. तवा अण्णा आले आणि मुद्दाम सगळी घागर माज्यावर वतली. आणि सगळ्या युनिटाच्या गाद्या भाईर काढाय लावल्या. ही वरात त्या दिवसाची हाय."

पोरं तिकडं गाद्या बडवत हुती. अध्यक्ष तिकडं बघत हुते.

"इंजिनेर म्हणून सांगायचं तर भिंती पाडू नका, छप्पर बदला, तेच परवडंल," संजू म्हणाला. "आणि ह्ये इंजिनेर म्हणून सांगत न्हाय. तंबूतली चटई एकट्याला गुंडाळून काखंत घालता येती. तिची वरात निघत न्हाय. जे पोरगं घाबरल्यालं आसंल, ते एकटंच भाईर जाणार आणि एकटंच दिसणार."

अध्यक्षांनी खिशातनं रुमाल काढला. शर्ट पुसतील वाटलं, चष्मा पुसला.

"आमचा नातू शिबिराचं नाव काढलं की रडतोय," म्हणाले. "कारण सांगत न्हाय. सून सांगते." रुमाल खिशात घातला. "मॅडम, तंबू मैदानाच्या पलीकडं घाला. हितलं छप्पर बदला. रबरी खोळ बी ऱ्हाऊ दे, आणि ह्यो तमाशा बी ऱ्हाऊ दे. फुडल्या वर्षी नातवाला फणसातच घाला."

मग माज्याकडं वळले आणि माज्या खांद्यावर हात ठेवला. "मारुती, केवढं डोकं लावलंस रे. तीन नंबराच्या दाराशी तुज्या नावाची पाटी लावू."

आता तितं मी म्हणाय पायजे हुतं, सायब, मी मुद्दाम वतली न्हाय. खरं खांद्यावर अध्यक्षांचा हात, समोर मॅडमच्या डोळ्यांत पाणी. मी छाती भाईर काढली आणि लांब झाडाच्या शेंड्याकडं बघाय लागलो. थोर माणसं फोटोत बघत्यात तसं.

गंगाक्का चहाचं ताट घेऊन मागं उभी हुती. ताट पारावर ठेवलं आणि पदराला हात पुसत म्हणाली, "मुद्दाम कशाचं सायब. पाय घसरून पडले हुते. कमरंला शेक मी दिलाय."

संजू हासला. "ठाऊक हाय आक्का. मी जागाच हुतो की. सगळ्यांसमोर तेवढा मान द्यावा म्हटलं. आणि फुडल्या वर्षी परत सांडलं म्हणं त्येंनी. ते तर मुद्दाम हुतं."

"फुडल्या वर्षी बी घसरूनच पडले. त्याच जागी. तिसऱ्या वर्षी मीच सकाळी जाऊन पोरांना सांगितलं, ह्यो माणूस आता घागर घेऊन येणार आणि पडणार, आपापल्या गाद्या आदीच भाईर काढा."

अध्यक्ष पारावर बसले आणि पोट धरून हासाय लागले. मॅडम हासाय लागल्या. मी सावरून घ्यावं म्हणून हळूच म्हटलं, "सायब, ते पाटीचं तेवढं..."

"लावा की पाटी," गंगाक्का कपात चहा वतत म्हणाली. "खरं ह्येंचं नाव नको. येवढंच लिव्हा, हितली फरशी निसरडी हाय, पाय जपून टाका."